ओलं फडकं

आमच्या चौकातल्या चहावाल्या बाईने सडा मारताना पाणी उडवलं आणि फळ्यावरची निधनवार्ता धुऊन गेली, ही गोष्ट आष्ट्यात अजून सांगितली जाते. गेली सहा वर्षं सांगितली जाते. ती खरी नाही. ती वार्ता मी पुसली. माझ्या हाताने, ओल्या फडक्याने, नीट कोपऱ्यापर्यंत पुसली. आणि सड्याची गोष्टही मीच पहिल्यांदा सांगितली.

मी प्राथमिक शाळेत गुरुजी होतो. निवृत्त झाल्यावर पहाटे फिरायला जाऊ लागलो. घरापासून चौक, चौकातून बाहेर पडणारा उसाच्या रानांमधला रस्ता, पुढे ओढ्यावरची मोरी आणि परत. माझं अक्षर बरं, म्हणून चौकातला काळा फळा लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. पाणी कधी येणार, लसीकरण कुठे आहे आणि मुख्य म्हणजे कोण गेलं, अंत्यविधी किती वाजता, रक्षाविसर्जन कधी. आमच्याकडे सगळं गाव सकाळी आधी फळा बघतं, मग दूध आणायला जातं. खडूचा डबा आणि पुसायचं फडकं फळ्याशेजारी चहाचा गाडा लावणाऱ्या बाईंकडे असायचं. फडकं ओलं करून, पिळून त्या माझ्या हातात द्यायच्या. त्यांच्याशी माझं बोलणं एवढंच.

त्या रस्त्यावर भेटणाऱ्या कुणाचंच नाव मला माहीत नव्हतं. खिशात रेडिओ वाजवत येणारे एकजण होते, त्यांना मी मनात रेडिओ म्हणायचो. एक बाई उलट्या पावलांनी चालायच्या, डॉक्टरांनी सांगितलं असावं. वर्षानुवर्षं रोज दिसणारी माणसं, आणि रोज तेवढंच बोलणं. राम राम. थंडी हाय. एखादा आठ दिवस दिसला नाही की काळजी वाटायची, पण चौकशी कुठे करायची, हे माहीत नसायचं.

ज्यांना मी पुढे ड्रायव्हर म्हणू लागलो, त्यांची आणि माझी ओळख फळ्यामुळे झाली. उंच, थोडे वाकलेले, डोक्याला मफलर. रोज सव्वासहाच्या सुमारास फळ्यासमोर उभे राहायचे, हात मागे बांधून सगळं वाचायचे आणि पुढे जायचे. एक दिवस मी रक्षाविसर्जनाची वेळ लिहीत होतो, तर मागून आवाज आला.

"गुरुजी, साडेनऊ लिवलंय व्हय?"

"हो. घरच्यांनी तसंच सांगितलंय."

"घरच्यास्नी काय कळतंय! विट्याची गाडी दहाला येती. लांबचं पावनं काय उडत येत्यात?"

मी म्हणालो, "अहो, मेलेला माणूस एसटीच्या वेळापत्रकाप्रमाणे जातो का?"

"त्यो न्हाई जात. पोचवणारी जात्यात की."

बाई चहा गाळता गाळता हसल्या. ते एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं गाडी चालवलेली, सगळ्या मार्गांच्या वेळा तोंडपाठ. कुणाच्याही मरणाची बातमी वाचली की आधी गाडी जुळते का ते बघायचे. त्या दिवसापासून मी त्यांना ड्रायव्हर म्हणू लागलो, ते मला गुरुजी. चहा घ्यायचा, मोरीपर्यंत जायचं, कठड्यावर बसायचं, परत यायचं. चार वर्षं असंच चाललं आणि चार वर्षांत एकमेकांचं नाव विचारायची वेळ आली नाही.

त्यांचं मूळ गाव माण तालुक्यात. नोकरीमुळे इकडे आले, मुलाने इथेच घर बांधलं, म्हणून इथलेच झाले. मोरीवर बसून ते माणचं बोलायचे. तिथली शेरडं, बाजरी, पाणी नसलेल्या विहिरी. आणि थोरल्या भावाचं बोलायचे. भावाशी चौदा वर्षांचा अबोला होता. भावाच्या मुलीच्या लग्नाला हे वेळेवर पोचले नाहीत. ड्युटी बदलून मिळाली नव्हती. गाडी डेपोत लावून, मिळेल त्या जीपने गेले, तर अक्षता पडून पंगती उठलेल्या. भावाने सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं होतं, "लग्नाला आला न्हाईस, आता माज्या मातीलाबी येऊ नगंस." आणि दोघांनीही एकमेकांचा उंबरा शिवायचा नाही म्हणून शपथ घेतली होती.

"पन मी जानार," ड्रायव्हर म्हणायचे. "त्येनं काय बी म्हनू दे. त्येच्या मातीला मी जानार. पयला खांदा माजा. तवा त्यो काय मला हाकलनार हाय?"

मी विचारलं, "पण तुम्हाला कळणार कसं? बोलणं नाही, फोन नाही."

"निरोप धाडलाय की. गावच्या एकाला सांगून ठेवलंय. घरात यायचं नसंल तर येऊ नगा, फोन करायचा नसंल तर करू नगा. आष्ट्यातल्या चौकात फळा हाय, तितं लिवा. मी रोज वाचतोय."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याच अक्षरात येनार हाय ते, गुरुजी. म्हनून तर तुमाला चहा पाजतोय."

म्हणजे ते रोज फळा का वाचतात, हे मला पक्कं माहीत होतं. मला ते ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवू इच्छित नाही.

त्या वर्षी त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. त्यांनी मला पत्रिका दिली आणि मी पहिल्यांदा त्यांचं नाव वाचलं. त्यांनीही माझं नाव पाकिटावर लिहून घेतलं. दोघांनाही जरा लाजल्यासारखं झालं. "आता पावनं झालो आपन," ते म्हणाले. नवरा मुलगा फौजेत होता, ईशान्येकडे. त्याला बारा दिवसांची सुट्टी मिळाली होती आणि त्यात हळद, लग्न, पूजा सगळं बसवलेलं. ड्रायव्हरांनी मला एक काम सांगितलं, दोन्ही घरच्या नावांची मंगलाष्टकं रचायची आणि मांडवात माइकवर म्हणायची. मी आठ दिवस खपून ती रचली. रोज मोरीवर म्हणून दाखवली. ते मान डोलवायचे. भावाचं नाव घालू का, म्हणून मी विचारलं होतं. ते म्हणाले, "घाला. ऐकू जानार न्हाई त्याला, पन घाला."

हळदीच्या आदल्या दिवशी पहाटे मी फळ्याशी गेलो तेव्हा एक माणूस मोटारसायकलला टेकून उभा होता. चाळिशीचा असेल. अंगावर घोंगडी, डोळे लाल. रात्रीच निघाला होता.

"फळा लिवनारं गुरुजी तुमीच का?"

त्याने चिठ्ठी दिली. नाव वाचलं आणि मला कळलं, कारण तेच नाव माझ्या मंगलाष्टकात तिसऱ्या कडव्यात होतं. आदल्या संध्याकाळी गेले. माती दुपारी बारा वाजता.

मी म्हणालो, "त्यांचं घर पाच मिनिटांवर आहे. मी दाखवतो."

"न्हाई गुरुजी. म्हाताऱ्यानं आमाला शपथ घातलीया, त्येंच्या दारात जायचं न्हाई. फळ्यावर लिवलं की त्यास्नी कळतं, आसा निरोप व्हता. तुमी लिवा, मी बघतो आनि जातो. तितं मानसं कमी हायती."

मी लिहिलं. मोठ्या अक्षरात लिहिलं. तो वाचून, फळ्याला हात जोडून निघून गेला. सहा वाजायला आले होते.

पाचेक मिनिटांत ड्रायव्हरांचा मुलगा दुधाची किटली घेऊन आला. फळ्यासमोर थांबला. किटली खाली ठेवली. मला वाटलं, रडेल. तो इकडेतिकडे बघून माझ्याजवळ आला.

"गुरुजी, हे अण्णांनी वाचलं?"

"अजून नाही. येतीलच."

"पुसा."

"का?" मी विचारलं.

"तुमच्या पाया पडतो. उद्या हळद हाय. सुतक लागलं तर लग्न मोडलं म्हना. पोराची सुट्टी संपली की त्यो वर्षानं येनार, त्येच्या घरची थांबतील का? सुतक कानावर पडल्यावर लागतं, गुरुजी. कानावरच पडलं न्हाई तर? चारच दिवस. पूजा झाली की मी सोता सांगतो."

आणि तो खरंच माझ्या पाया पडला.

मी काय विचार केला, ते इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. पोरीचा विचार केला, हे खरं. पण त्याबरोबरच माझ्या मनात ती मंगलाष्टकं आली. आठ दिवस खपून रचलेली, इस्त्री केलेल्या सदऱ्याच्या खिशात घडी घालून ठेवलेली. लग्न पुढे गेलं तर ती कोण ऐकणार, असं माझ्या मनात आलं. एका माणसाच्या भावाची माती एका पारड्यात आणि दुसऱ्यात माझा माइक.

मी गाड्याकडे हात पुढे केला. बाईंनी नेहमीप्रमाणे फडकं पिळून माझ्या हातात दिलं. मी पुसलं. रिकामी जागा दिसू नये म्हणून तिथे लिहिलं, उद्या सकाळी पाणी येणार नाही.

सव्वासहाला ड्रायव्हर आले. हात मागे बांधून उभे राहिले. वरपासून खालपर्यंत वाचलं.

"आज कोन न्हाई," ते म्हणाले. "बरं झालं. लग्नघरात चांगला शकुन हाय."

आम्ही चहा घेतला. मोरीवर गेलो. त्या सकाळी ते फार बोलत होते. आचारी, फेटे, पावसाची शक्यता. मी हूं हूं करत होतो. कठड्यावरून उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, तेव्हा मला वाटलं आता सांगावं. अजून वेळ होता. मी सांगितलं नाही.

लग्न झालं. मी माइकवर मंगलाष्टकं म्हटली. तिसऱ्या कडव्यात त्या भावाचं नाव आलं तेव्हा गुलाबी फेटा बांधलेले ड्रायव्हर समोर उभे राहून रडत होते. लोकांना वाटलं, नातीसाठी. अक्षता पडल्यावर त्यांनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाले, "गुरुजी, भाऊ पायजे व्हता आज." मी जेवून घरी आलो. जिलबी चांगली होती, हेही आठवतं. काय काय आठवतं माणसाला.

मुलाने चार दिवसांनी सांगितलं नाही. पूजा झाली, मुलगी सासरी गेली, त्याला हिंमत झाली नसावी. मीही विचारलं नाही. नंतर एका सकाळी ड्रायव्हर फळ्यापाशी आले ते दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून. हातात बुंदीच्या लाडवांचा डबा.

"आज मोरी न्हाई, गुरुजी. माणला चाललोय. भावाकडं."

माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

"मांडवात तुमी त्येचं नाव घेतलं आनि माजं काळीज हाललं बगा. चौदा वर्सं झाली. शपथ गेली खड्ड्यात. लाडू घिऊन जातो, त्येच्या उंबऱ्यावर बसतो. काय शिव्या द्यायच्या त्या दे म्हनतो."

शेवटची संधी म्हणायची तर ती हीच होती. त्यांच्या हातातला डबा काढून घेऊन मी त्यांना बाकावर बसवायला हवं होतं. मी म्हणालो, "जाऊन या."

त्या उंबऱ्यावर त्यांना काय दिसलं असेल, ते मी पाहिलेलं नाही. हार घातलेला फोटो दिसला असेल. भावाच्या मुलाने विचारलं असेल, आता आलात? फळ्यावर लिहिलं होतं, आमच्या माणसाने डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणून सांगितलं असेल. लाडवांचा डबा उघडला गेला की तसाच परत आला, तेही मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ते चौकात आले. मफलर नव्हता. रेडिओवाले आणि आणखी दोघेचौघे चहाला थांबले होते. ड्रायव्हर कुणाकडे न बघता माझ्यासमोर आले.

"गुरुजी, तुमी लिवलं व्हतं का न्हाई? एकच सांगा."

"लिहिलं होतं," मी म्हणालो. हे खरं होतं.

"मग मला कसं दिसलं न्हाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी गुरुजी होतो. निम्म्या गावाने माझ्या हाताखाली बाराखडी गिरवलेली. मी गाड्याकडे बघितलं आणि म्हणालो, "बाई पहाटे सडा मारतात. पाणी उडालं असेल. मी पुन्हा बघितलं नाही, एवढीच माझी चूक."

ड्रायव्हर बाईंकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"आक्का, एक दिस सडा मारला न्हाईस तर काय झालं असतं गं?"

बाईंच्या हातात गाळणं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाल्या, "चुकलं, भाऊ."

त्या दिवसापासून ड्रायव्हरांनी तो रस्ता सोडला. बाहेरच्या बाजूला कालव्याच्या कडेने जो रस्ता जातो तिकडे ते एकटे फिरू लागले. गाड्यावर पुन्हा आले नाहीत. बाकीच्यांनीही हळूहळू पलीकडच्या हॉटेलात चहा घ्यायला सुरुवात केली. "हिच्या सड्यानं मानसाची माती चुकली," असं बायका पाण्याच्या टाकीपाशी बोलायच्या. बाईंनी सडा मारणं बंद केलं. गाड्यासमोर धूळ उडायची.

आणि मी काय करत होतो? मी रोज त्यांच्याकडे चहा पीत होतो. त्यांना आधार देतोय, असं स्वतःला सांगत होतो. ड्रायव्हरांबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचो, चार वर्षांची मैत्री होती, एका शब्दाने निरोप घेतला नाही त्यांनी. फसवलं गेल्यासारखं वाटतं, असंसुद्धा म्हणायचो. म्हणता म्हणता मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

या वर्षी माझा हात थरथरायला लागला. फळ्यावरची ओळ सरळ येईना. नगरपालिकेच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षकांनी काम घेतलं. खडूचा डबा मी बाईंकडे शेवटचा ठेवला आणि म्हणालो, "आता नव्या सरांना द्या. फडकंही द्या."

त्या फडकं धूत होत्या. पिळत पिळत म्हणाल्या, "गुरुजी, त्या दिवशी तुमच्या हातात फडकं मीच दिलं व्हतं."

मी खडूच्या डब्याचं झाकण लावलं.

"मला वाटलं, उद्या सांगशीला. मग वाटलं, परवा सांगशीला. मास्तर मानूस, चारचौघांत तोंडावर खोटं कसं पाडायचं? सा वर्सं झाली, गुरुजी. आता तुमी फळ्यावर यायचं बी न्हाई म्हनता. मग कवा सांगनार?"

त्यांनी फडकं फळ्याच्या खिळ्याला अडकवलं आणि भांडी घासायला बसल्या.

दुसऱ्या सकाळी मी कालव्याच्या रस्त्याला गेलो. ते समोरून येताना दिसले. आता काठी होती. मला बघून थांबले, बाजूने निघून जायला लागले, तेव्हा मी म्हणालो, "ड्रायव्हर, मी पुसलं होतं."

ते जागीच उभे राहिले. मी सगळं सांगितलं. मोटारसायकलवाला, मुलगा, सुतक, फडकं. मंगलाष्टकांचंही सांगितलं. ते कालव्याकडे तोंड करून ऐकत होते. मला वाटलं, काठी उगारतील. ओरडतील. मुलाला शिव्या देतील. मुलाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

"किती वाजलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"कधी?"

"पुसलं तवा."

"सहा वाजून पाच-दहा मिनिटं."

ते बोटांवर मोजायला लागले. फळ्यावरची वेळ वाचून गाडी जुळते का बघायचे, तसंच.

"मी सव्वासाला फळ्याशी. तितनं स्टँड धा मिन्टं. पावनेसातला विट्याची गाडी. विट्यात सव्वाआठ. साडेआठला दहिवडीची गाडी, मायनीवरनं. गावच्या फाट्यावर साडेधा. फाट्यापास्नं चालत अर्धा तास." ते थांबले. "अकरा. माती बाराची. एक तास व्हता हातात."

मग पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजलं. कुठे चुकतंय का ते बघत असावेत. चुकत नव्हतं.

"कापडंबी बदलली नसती मी," ते म्हणाले. "तसाच गेलो असतो."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी काठी नुसती जमिनीपासून वीतभर उचलली.

"आनि आक्कानं काय केलं मग?"

"काही नाही. त्यांनी फक्त फडकं दिलं."

ते वळले आणि गावाकडे चालायला लागले. मी मागे बरंच अंतर ठेवून चालत होतो. चौकात ते गाड्यासमोर उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बाईंनी पदराने डोळे पुसले, मग बाक पुसला. ते बसले. एक चहा प्याले. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो आणि दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

आता ते पुन्हा मोरीच्या रस्त्याला असतात. सव्वासहाला येतात. मी समोरून गेलो तर नवख्या माणसाला वाट द्यावी तशी बाजू देतात. राम राम नाही. रेडिओवाल्यांनाही मी परवा सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बरं," आणि रेडिओचा आवाज वाढवला. उरलेल्यांना एकेकाला गाठून सांगण्याइतके पाय चालत नाहीत, म्हणून हे लिहिलं.

बाईंनी पुन्हा सडा मारायला सुरुवात केली आहे. ड्रायव्हर फळ्यासमोर हात मागे बांधून उभे राहतात. नव्या सरांचं अक्षर चांगलं आहे, माझ्यापेक्षा बरं. ड्रायव्हर सगळं वाचतात. वाचून झालं की खिळ्याला अडकवलेल्या फडक्यापाशी जातात आणि ते दोन बोटांत धरून बघतात, ओलं आहे का.